परवाना पणजीचा, कर्ज बेळगावचं

गेल्या काही वर्षांत बेळगावात एक मत वारंवार कानावर येतं. व्यापाऱ्यांच्या बैठकीत येतं, लग्नाच्या पंगतीत येतं, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या गाड्यावरही येतं. आपली माणसं शनिवार-रविवार गाठून गोव्याला जातात, तिथल्या कॅसिनोत पैसे घालवतात, तो पैसा गोव्याच्या तिजोरीत पडतो. मग इकडेच कुठेतरी कॅसिनो काढायला काय हरकत आहे? पैसा इथला इथे राहील, हॉटेलं चालतील, पोरांना नोकऱ्या लागतील. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. गावात रोजगार यावा असं त्यांना मनापासून वाटतं. 2020 च्या सुरुवातीला कर्नाटकाचे तेव्हाचे पर्यटनमंत्री सी. टी. रवी यांनी राज्यात कॅसिनो आणण्याची कल्पना बोलून दाखवली होती. टीका झाली आणि विषय मागे पडला. पण असे विषय कायमचे मिटत नाहीत, तिजोरीला ओढ लागली की पुन्हा वर येतात. म्हणून तो वर येण्याआधीच सीमाभागातल्या माणसांनी त्यावर नीट बोलून घेतलं पाहिजे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कॅसिनोचं उत्पन्न एका जागी जमा होतं आणि त्याचा खर्च दुसऱ्या जागी भरला जातो. परवाना देणाऱ्या सरकारला फक्त पहिली बाजू दिसते. दुसरी बाजू बघायची असेल तर खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, पलीकडे चंदगड आणि गडहिंग्लज इथल्या घरांत जावं लागेल. आपण ती बाजू रोज बघतो, तरीही कॅसिनो आपल्याकडे हवा म्हणतो, याचं मला दुःख होतं.

चोर्ला घाटातून बेळगावहून पणजी साधारण तीन तासांवर आहे. जांबोटी ओलांडली, कणकुंबी गेली, घाट उतरून केरी, साखळी करत माणूस संध्याकाळपर्यंत मांडवीच्या काठावर पोचतो. शुक्रवारी दुपारनंतर या रस्त्यावर केए-22 आणि केए-23 च्या गाड्यांची रांग असते. त्यातली बहुतेक कुटुंबं समुद्र बघायलाच निघालेली असतात, हे मान्य. पण चार-चार, पाच-पाच पुरुषच बसलेल्या ज्या गाड्या असतात त्या कुठे निघाल्या आहेत हे पेट्रोल पंपावरच्या पोरालाही ठाऊक असतं.

गोव्यात हे सगळं एका दिवसात उभं राहिलं नाही. गोवा, दमण आणि दीव यांचा सार्वजनिक जुगार कायदा 1976 चा, आणि तो मुळात जुगार बंद करण्यासाठी होता. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळाला वाट दिली. 1996 मध्ये पाण्यावरच्या जहाजांना परवानगी मिळाली. मग मांडवीत एकामागून एक जहाजं नांगरली गेली. ती हलवणार, नदीबाहेर नेणार, अशी आश्वासनं सरकारं बदलली तरी तशीच राहिली. विरोधात असताना जे पक्ष कॅसिनोवर तुटून पडायचे, त्यांनीच सत्तेत आल्यावर मुदती वाढवून दिल्या. पणजीतल्या अनेक नागरिकांनी याविरुद्ध मोर्चे काढले, निवेदनं दिली. गोव्याच्या जनतेला हे धंदे मनापासून हवे होते असं कुणी समजू नये.

ज्या मांडवीत ही जहाजं उभी आहेत ती आपल्या खानापूर तालुक्यातच उगम पावते. आपण तिला म्हादई म्हणतो. तिच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांनी लवाद चालवला, 2018 मध्ये निवाडा आला, तिचं पाणी वळवणाऱ्या कळसा-भांडुरा योजनेवरून आजही आंदोलनं होतात. थेंबाथेंबाचा हिशोब मागणारी आपली राज्यं त्याच नदीवर रोज रात्री होणाऱ्या उलाढालीतून आपल्या जिल्ह्यांत काय वाहून येतं याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

आता खरा मुद्दा. गोवा सरकारने 2012 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून स्थानिकांना कॅसिनोत खेळायला बंदी घालण्याची तरतूद केली आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून ती लागू केली. अंमलबजावणी कितपत कडक आहे हा वेगळा प्रश्न, पण कायदा म्हणतो ते स्पष्ट आहे: गोव्याच्या रहिवाशाने इथे खेळू नये. सिक्कीमनेही कॅसिनो चालू ठेवून आपल्या लोकांना दार बंद केलं. नेपाळमध्ये नेपाळी नागरिकाला कॅसिनोत प्रवेश नाही. मोनॅकोचं नाव ज्या कॅसिनोमुळे जगभर झालं त्या कॅसिनोत मोनॅकोच्या नागरिकाला खेळता येत नाही. कंबोडियात 1996 पासून स्वतःच्या नागरिकांना मनाई आहे, आणि तिथले कितीतरी कॅसिनो पोइपेतसारख्या थायलंडला लागून असलेल्या गावांत उभे राहिले.

एवढ्या ठिकाणच्या राज्यकर्त्यांनी एकमेकांना न विचारता एकच निर्णय घेतला असेल तर त्यामागे काहीतरी समज आहे. खेळ निरुपद्रवी असता, निव्वळ करमणूक असती, तर आपल्याच लोकांना तिच्यापासून लांब ठेवायचं काय कारण? ज्या सरकारने आपल्या रहिवाशांना बंदी केली त्या सरकारने नुकसानाची कबुली लेखी दिलेली आहे. ते नुकसान नाहीसं झालेलं नाही, फक्त ते सरहद्दीपलीकडे पाठवलं गेलं आहे. पोइपेतचा खर्च थायलंडमधली घरं भरतात. सिक्कीमचा खर्च सिलिगुडीच्या बाजूला उतरतो. गोव्याचा खर्च आपल्याकडे. पणजीच्या माणसाला ज्यापासून वाचवायचं, ते खानापूरच्या माणसाला चालतं, असा या कायद्याचा अर्थ होतो, आणि हा अर्थ आपण निमूट गिळतो.

तो खर्च दिसतो कसा हे सांगायला हवं, कारण तो आकडेवारीत सापडत नाही. मी काही वर्षं एका पतसंस्थेच्या कर्ज समितीवर होतो. आमच्याकडे पिग्मीचं काम मोठं. सकाळी एजंट दुकानादुकानांतून फिरतो, कुणाचे पन्नास, कुणाचे दोनशे, कुणाचे पाचशे. मशीनमधून पावती निघते, पासबुकात नोंद होते. या शहराची बचत अशी रोजच्या रोज गोळा होते. सराफ गल्लीतल्या कारागिराची, शहापूर-वडगावात मागावर विणणाऱ्याची, भाजीवालीची. पिग्मीच्या जमेवर ठरावीक प्रमाणात कर्ज मिळतं, त्याला जामीनदार लागत नाही, तासाभरात पैसे हातात पडतात. घरात कुणाला कळतही नाही.

उद्यमबागेत जॉबवर्क करणाऱ्या एकाचं पासबुक मला अजून आठवतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, फाउंड्रीतून आलेले कास्टिंग घासून द्यायचं काम. रोजची तीनशेची नोंद, कित्येक पानं एकसारखी, मध्ये फक्त दसरा-दिवाळीची आणि गावच्या जत्रेची खाडं. मग एका पानावर पिग्मीवरचं पहिलं कर्ज. ते फेडलं. तीन महिन्यांनी दुसरं. ते अर्धं फेडलं. त्यानंतर रोजच्या नोंदी तीनशेवरून शंभरावर आल्या, मग आठवड्यातून दोनदा, मग पान कोरं. त्याच काळात त्याच्या नावाने सोनं तारणाची फाईल उघडली होती. आमच्या सोनाराने बोरमाळ, दोन पाटल्या आणि गंठण कसोटीवर घासून वजन लिहून दिलं होतं. गंठण गहाण आलं की आमच्या समितीतले जुने सभासद मान वर करून बघायचे, कारण ते सगळ्यात शेवटी घराबाहेर पडतं.

कर्ज मागणीच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. त्याने पहिल्यांदा मशीन दुरुस्ती लिहिलं, दुसऱ्यांदा वैद्यकीय, तिसऱ्यांदा मुलीचं शिक्षण. पणजीचं नाव त्या रकान्यात कधीच आलं नाही. ते फायनान्सवाल्याच्या वहीत आलं नाही, त्याच्या बायकोच्या कानावर आलं नाही. ती संस्थेत आली तेव्हा दागिने लिलावाच्या नोटिशीवर होते. तिने एवढंच विचारलं की मशीनला असं काय झालं होतं. आमच्यापैकी कुणालाही तिच्याकडे बघवलं नाही.

जुगाराचा सामाजिक खर्च कुणी मोजत नाही तो यामुळे. तो दुसऱ्या नावांखाली लिहिला जातो. संस्थेत तो थकबाकी होतो, कोर्टात चेक बाउन्सचा खटला होतो, तलाठ्याकडे जमीन विक्रीची नोंद होते, शाळेत फी न भरलेलं मूल होतं. पुढे कधी पोलिसांच्या पंचनाम्यात 'कर्जाला कंटाळून' एवढे दोन शब्द येतात. मायक्रोफायनान्सच्या वसुलीचा जाच इतका वाढला की कर्नाटक सरकारला फेब्रुवारी 2025 मध्ये त्याविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. ते योग्यच झालं. पण त्या कर्जांतली सगळी कर्जं पेरणीसाठी आणि दवाखान्यासाठी घेतली होती असं समजणं म्हणजे डोळे झाकून घेणं आहे. कितीतरी ठिकाणी बाईच्या नावावरचं बचत गटाचं कर्ज पुरुषाच्या हातात गेलं आणि हप्ता मात्र तिच्या दारात आला.

कुणी म्हणेल, माणसाने हिशोबात खेळावं, मग काही होत नाही. यातलं गणित समजून घेण्यासारखं आहे. एकच शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर ते शून्य धरून 37 घरं असतात. एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तो लागला तर एकाला पस्तीस मिळतात. म्हणजे हिशोबाने शंभरामागे दोन रुपये सत्तर पैसे कॅसिनोचे. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पाचशे-पाचशेच्या पैजा लावत ताशी चाळीस डाव खेळलं तर सरासरी तासाला पाचशे चाळीस रुपये जातील. एवढ्याने कुणाचं घर बुडत नाही, हे खरं आहे.

घर बुडतं ते पुढच्या वागण्याने. सरासरी ही हजारो डावांची असते. एका रात्रीत माणूस वीस हजार हरू शकतो किंवा जिंकू शकतो, आणि दोन्ही गोष्टी त्याला परत ओढून आणतात. जिंकलेल्याला वाटतं आपल्याला यातलं कळतं. हरलेल्याला वाटतं घालवलेले काढून मग उठू. हे 'घालवलेले काढणं' हाच सगळ्या आजाराचा कणा आहे. पैज पाचशेवरून हजारावर, हजारावरून पाच हजारांवर जाते ती त्यामुळे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 च्या आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराचं व्यसन दारू आणि अफूच्या व्यसनांबरोबर एकाच प्रकरणात आणलं, आणि गमावलेलं परत मिळवायला पुन्हा येणं हे त्याचं एक लक्षण म्हणून नोंदवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो व्यसनांतच आहे. आपल्याकडे अजूनही त्याला 'नाद' म्हणून सोडून देतात, बायकोने नीट सांभाळलं नाही म्हणतात, लग्न करून द्या सुधारेल म्हणतात.

कॅसिनोची सगळी मांडणी या ओढीला धरून केलेली असते. जेट्टीवरून छोट्या बोटीने जहाजावर नेतात. परत यायचं तर बोटीची वाट बघायची. प्रवेशाच्या पैशांत जेवण, दारू, नाचगाणं आणि खेळायला थोड्या चकत्या धरलेल्या असतात. म्हणजे पैसे देऊन आत आलेल्या माणसाला वाटतं, हे तर वसूल केलंच पाहिजे. एकदा नोटांच्या चकत्या झाल्या की पाचशेची नोट मोडताना जो हात अडखळतो तो पाचशेची चकती सरकवताना अडखळत नाही. आणि मध्यरात्री कुणी घड्याळाकडे बघत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. जुगार काय आत्ता आला का? आपल्याकडे मटका आहे, अंदर-बाहर आहे, आयपीएलचा सट्टा आहे, जत्रेत आणि गणपतीत मांडवामागे पत्ते चालतात. बंदी असून काय झालं? मटका साठच्या दशकात मुंबईत रुजला आणि तिथून सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरला. कर्नाटक पोलीस कायद्याचं 78 वं कलम त्यासाठीच वापरलं जातं, दर आठवड्याला धाडी पडतात, जामीन होतो, पुन्हा आकडे सुरू होतात. हे सगळं मान्य आहे.

तरी यात मोठा फरक आहे. दिवाळीत गल्लीतली माणसं तीन पत्ती खेळतात तेव्हा हरलेला पैसा गल्लीतच फिरतो. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. खेळातून कायमचं काढून घेणारा तिसरा कुणी नसतो. आणि समोर बसलेल्याला तुमची ऐपत माहीत असते. सासुरवाडी कोण, ऊसबिल किती आलं, बैलजोडी कधी विकली, सगळं माहीत असतं. चौथ्या डावाला कुणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, बास कर, घरला जा. जहाजावर तुम्हाला असं कुणी म्हणत नाही. तिथे तुमची ऐपत माहीत असलेला एकच घटक आहे, आणि त्याचा फायदा तुम्ही न उठण्यात आहे. मटका वाईटच, त्याने विडी कामगारांची आणि हमालांची घरं पोखरली आहेत. पण मटक्याला लाज होती. बुकीकडे जाणारा माणूस इकडे-तिकडे बघून जायचा. सरकारी परवान्याने ती लाज काढून टाकली. आता माणूस जहाजावरचा फोटो स्टेटसला ठेवतो. वाईट गोष्ट चोरून चालते म्हणून ती राजमार्गाने चालवावी, हा युक्तिवाद आपण हुंड्याच्या बाबतीत करत नाही, मग इथे का करावा?

महसुलाचा मुद्दा उरतो. कॅसिनोवरचा जीएसटी ऑक्टोबर 2023 पासून पूर्ण रकमेवर 28 टक्के झाला आणि सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. आकडा मोठा आहे. पण तो कर निम्मा केंद्राचा, निम्मा ज्या राज्यात खेळ चालतो त्या राज्याचा. खेळणारा बेळगावचा म्हणून बेळगावला त्यातला वेगळा वाटा येत नाही. इथे कॅसिनो काढला तर तो वाटा येईल हे खरं, पण तो बेंगळुरूला जाईल, आणि तिथून उत्तर कर्नाटकाला काय परत येतं याचा अनुभव बेळगावातल्या सुवर्णसौधची, म्हणजे विधिमंडळाच्या दुसऱ्या घराची, इमारत 2012 पासून बघणाऱ्या कुणालाही आहे. शिवाय हा कर कुणाच्या खिशातून येतो तेही बघावं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी उत्पादकता आयोगाने 2010 मध्ये जुगारावर मोठा अहवाल दिला. तिथल्या जुगारयंत्रांवर होणाऱ्या खर्चापैकी सुमारे 40 टक्के खर्च जुगाराच्या आहारी गेलेले लोक करतात, असा त्यांचा अंदाज होता. आजारी माणसांच्या पैशावर एवढ्या मोठ्या प्रमाणात उभा असलेला दुसरा कायदेशीर धंदा मला तरी आठवत नाही.

अंतराचाही परिणाम असतो. अमेरिकेत 1999 मध्ये राष्ट्रीय आयोगासाठी झालेल्या अभ्यासात, घरापासून 50 मैलांच्या आत कॅसिनो असेल तर जुगाराने ग्रासलेल्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. 50 मैल म्हणजे 80 किलोमीटर. बेळगाव शहर आज पणजीपासून त्याहून थोडं पुढे आहे, कणकुंबीची बाजू त्याच्या आत येते. कॅसिनो इथे आणण्याची मागणी करणारे नेमकं हेच अंतर पुसून टाका म्हणत आहेत. आज गोव्याला जायला गाडी लागते, घरी काहीतरी सांगावं लागतं, रात्र बाहेर काढावी लागते. कितीतरी माणसं निव्वळ त्या अडचणीमुळे वाचली आहेत.

रोजगाराचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. खानापूर तालुक्यातली पोरं गोव्यात हॉटेलांत, कॅसिनोतही काम करतात, घरी पैसे पाठवतात. त्यांच्या कष्टाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण जुगारावर गाव उभं करायचा प्रयोग दक्षिण कोरियाने करून बघितला आहे. कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या डोंगरी भागात 2000 साली त्यांनी कांगवॉन लँड हा कॅसिनो काढला, कोरियन नागरिकांना प्रवेश असलेला तो देशातला एकमेव. नोकऱ्या आल्या, रस्ते झाले. आणि कॅसिनोभोवती गहाणवटीच्या दुकानांची रांग लागली, त्यांच्या अंगणात हरलेल्यांनी टाकून गेलेल्या मोटारी उभ्या राहिल्या. शेवटी सरकारला एका माणसाने महिन्यात पंधरा दिवसांहून जास्त येऊ नये असा नियम करावा लागला. महिन्यातले पंधरा दिवस ही ज्या जागेची मर्यादा ठरते, ती जागा पर्यटनस्थळ कशी म्हणावी?

महाराष्ट्राने याबाबतीत उशिरा का होईना चांगलं पाऊल टाकलं. 1976 मध्ये तिथे कॅसिनो कायदा झाला होता. तो कधीच लागू केला नाही, आणि अधूनमधून तो लागू करा अशी मागणी व्हायची. 2023 मध्ये सरकारने तो रद्दच केला. कर्नाटकाने 2007 मध्ये लॉटरी बंद केली, आणि त्या वेळी टपरीसमोर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या घरांत काय फरक पडला हे बेळगावच्या जुन्या लोकांना विचारावं. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले ते व्यसन, कर्ज आणि उद्ध्वस्त झालेली कुटुंबं यांचा हवाला देऊन. मोबाइलवर जे घातक, ते जहाजावर करमणूक कसं होतं, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

सीमेपलीकडून येणाऱ्या जुगाराचा प्रश्न आपल्याला नवा नाही, हेही नोंदवतो. स्वातंत्र्यानंतरच्या काळात बेंगळुरूहून निघणाऱ्या एका वृत्तपत्रातून शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालत आणि मुंबई राज्यातले लोक त्यात पैसे भरत. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होतं. धंदा म्हैसूर राज्यात, पैसे भरणारे मुंबई राज्यात. मुंबई सरकारने त्यावर कर बसवला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 1957 च्या चमारबागवाला निकालात न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. आणि दुसरी, आपल्यासाठी महत्त्वाची: आयोजक परराज्यात बसला असला तरी ज्या राज्यातले लोक पैसे घालतात त्या राज्याला त्यात लक्ष घालण्याचा अधिकार आहे. जहाजावर प्रत्यक्ष जाऊन खेळणं हे प्रकरण कायद्याने वेगळं आहे, ते मला कळतं. पण घरबसल्या बघणाऱ्या राज्याला बोलायचा हक्कच नाही असं नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

बोलायचं कुठे, हा मात्र प्रश्न आहे. 1956 च्या पुनर्रचनेत विभागीय परिषदा झाल्या. गोवा आणि महाराष्ट्र पश्चिम परिषदेत बसतात, कर्नाटक दक्षिणेत. म्हणजे गोवा आणि कर्नाटक या ज्या दोन राज्यांमध्ये हा प्रश्न आहे त्यांना एकत्र बसवणारं नेहमीचं टेबलच नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर आमची भाषा कोणती आणि जिल्हा कुणाचा यावर भांडणाऱ्या सगळ्या पक्षांना, मराठी असोत की कन्नड, मी एवढंच विचारतो की घरातलं सोनं लिलावात जातं तेव्हा ते कुठल्या भाषेत जातं? या एका विषयावर दोन्ही बाजूंचे लोकप्रतिनिधी एका पत्रावर सही करू शकत नाहीत का?

त्या पत्रात काय मागावं हे मला स्पष्ट दिसतं. सिंगापूरने 2010 मध्ये दोन कॅसिनो उघडले तेव्हा नागरिकांवर प्रवेशशुल्क बसवलं, 2019 पासून ते दिवसाला 150 सिंगापूर डॉलर आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिथे बायको, आई-वडील, भाऊ अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोबंदी करून घेऊ शकतात, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्याला किंवा दिवाळखोराला आपोआप दार बंद असतं. कॅसिनो मुळीच नसावा हे माझं मत मी सोडत नाही. पण जोवर तो शेजारी आहे तोवर कुटुंबाने मागितलेल्या बंदीचा हक्क गोव्याने परराज्यातल्या घरांनाही द्यावा. आपल्या रहिवाशांना ओळखपत्र बघून अडवायचा कायदा करता येतो, तर चिकोडीच्या एका आईने नाव कळवलेल्या मुलालाही अडवता येईल. त्याला पैसा लागत नाही, इच्छा लागते.

आणि उपचार आपल्या भाषेत हवेत. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे. पण जुगारासाठीही तिथे मदत मिळते हे गावात कुणाला माहीत नाही. दारूबंदीच्या सभा होतात, दारू सोडवण्याच्या शिबिरांचे फलक लागतात, जुगार सोडवण्याचा एक फलक मी जिल्ह्यात पाहिलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशाताईला हा आजार आहे एवढं जरी सांगितलं तरी कितीतरी बायका बोलत्या होतील, कारण नवऱ्याचं पहिलं खोटं त्यांना सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं.

सरकारवर सगळं ढकलून आम्हा पतसंस्थावाल्यांनाही मोकळं होता येणार नाही. आमच्या संस्था सभासदांच्या मालकीच्या आहेत, सप्टेंबरात वार्षिक सभा होतात, अहवाल वाचला जातो, लाभांश जाहीर होतो, चहा-चिवडा होऊन सभा संपते. त्याच सभेत ठराव करता येतो की स्त्रीधनाच्या दागिन्यांवर कर्ज देताना त्या बाईला स्वतः संस्थेत बोलावून, नवरा शेजारी नसताना विचारलं जाईल. पिग्मीवर वर्षात तिसरं कर्ज मागणाऱ्याशी व्यवस्थापक आधी बोलेल. आणि मोठ्या कर्जाचा निरोप घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला जाईल. संचालक म्हणतील, गिऱ्हाईक दुसऱ्या संस्थेत जाईल. जाऊ दे. तालुक्यातल्या चार संस्थांनी एका महिन्यात हा ठराव केला तर जायला जागा उरणार नाही, आणि हे करायला पणजीचा, बेंगळुरूचा किंवा दिल्लीचा कागद लागत नाही.